तरसाचा कापलेला कान

मित्रांनो, मी तरसाची एक जुनी कवटी आहे. सध्या कॉलेजच्या जिन्याखाली एका गोणीत पडून आहे. उद्या भंगारवाला येईल, म्हणून आजच सांगून टाकते.

प्राणिशास्त्राच्या खोलीत मला पहिल्यांदा कुत्र्यांच्या कपाटात बसवलं. लांडगा, कोल्हा, कुत्रा अशी सगळी भावकी, आणि त्यात मी उपरी. "जबडा कुत्र्यासारखा, मग कुत्राच की!" असं तेव्हाचे सर म्हणत. परक्या घरच्या पाहुणीसारखी मी वर्षानुवर्षं अंग चोरून बसले.

मग बाई आल्या. त्यांनी बारीक करवतीनं माझ्या कानाखालचा हाडाचा फुगा कापला आणि मुलांना आत बघायला लावलं.

"हा आतला हाडाचा पडदा दिसतो ना? कुत्र्यांत असा नसतो, मांजराच्या कुळात असतो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, पोरांनो. तरस मांजराकडचं!"

त्याच दिवशी त्यांनी मला पलीकडच्या कपाटात, मांजर आणि मुंगसाच्या मधे ठेवलं. मुंगूस तर अगदी जवळचं चुलत भावंड निघालं. मी नुसतं हाड, तरी अंगावर मूठभर मांस चढलं. कान गेला, पण घर मिळालं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. खोलीत संगणक यायचे ठरले. नव्या साहेबांनी फर्मान काढलं, धड असेल ते नव्या इमारतीत, फुटकं भंगारात. शिपाईमामांनी सांगून पाहिलं, "साहेब, ही फुटलेली नाही. बाईंनी मुद्दाम कापलीय, शिकवायला."

"कापली काय, फुटली काय, एकच. टाका गोणीत."

मांजर गेलं, मुंगूस गेलं. मी राहिले. फार रडावंसं वाटलं, पण डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या.

आज बाई आल्या होत्या. काठी टेकत इथेच, जिन्यापाशी थांबल्या.

"मामा, माझं तरस कुठंय हो?"

मामांना खरं सांगवेना. "नव्या इमारतीत, बाई. मांजराशेजारीच."

"बरं झालं. पाय चालत नाहीत, नाहीतर बघूनच आले असते."

बाई समाधानानं परत गेल्या. मी हातभर अंतरावर होते, पण हाक मारायला कवटीला जीभ नसते.

मित्रांनो, तुटकी वस्तू टाकण्याआधी ती कुणी, कशासाठी तोडली, एवढं तरी विचारत जा. माझ्यासाठी आता कुणी विचारणार नाही. गोणीत काळोख आहे. आणि शेजारी कोण आहे, ठाऊक आहे? जबडा फुटलेला कुत्रा.