चराईच्या खुणा

लेंडी अजून ओली होती. तिने ती तळहातावर घेतली, ऊबही लागली — की ती उन्हाची... नाही, ओलीच. आणि कुंपणाच्या आत. पाच वर्षांपूर्वी उजाड माळावर पुन्हा रान उभं राहावं, एकही खूर उमटू नये म्हणून घातलेल्या कुंपणाच्या आत, बरोबर सतराव्या चौकोनात, जिथल्या झाडांचे घेर मोजून हवेतला किती कार्बन लाकडात मुरला ते तिला आज लिहायचं होतं. फॉर्मवर आता एकच रकाना उरला होता. चराईच्या खुणा : आहेत / नाहीत. ‘आहेत’ लिहिलं की यंदाचं मोजमाप बाद, आणि राखणदाराला नारळ. राखणदार म्हणजे तिचेच बाबा.

कुणाची लेंडी, हे विचारायला नको होतं. अक्षरांच्या आधी बाबांनी तिला लेंड्या ओळखायला शिकवल्या होत्या — ही करडाची, ही गाभणीची, ही दात पडलेल्या म्हातारीची, भरड... आणि हातातली भरडच होती, म्हणजे त्यांची म्हातारी लंगडी शेळी. कळप विकला त्या दिवशी ‘तीही गेली’ असं बाबा जमिनीकडे बघत म्हणाले होते. आणि मी — मीच गळ घातली होती, बाबा, शेळ्या विका, माळाला जरा उसंत द्या — मीही तेव्हा दुसरीकडेच पाहिलं होतं.

बाबा पाण्याची बाटली घेऊन आले. “झालं का गं मोजून?”

तिने मूठ मिटली. “घंटा कुठंय तिची?”

ते बाटलीचं झाकण फिरवू लागले. “गळ्यातच आहे. चिंधी कोंबलीय आत.” मग घाईघाईने, “कडेकडेनंच नेतो गं. बाहेरच्या बाभळीच्या शेंगा खाते, मग इथून एक फेरी. तुझ्या झाडांना नावं ठेवते फक्त, तोंड नाही लावत.”

तिला हसू आलं आणि रागही आला, सपशेल फसवल्याचा. मुठीतली लेंडी चुरडली गेली होती. चुऱ्यात बाभळीची एक बी होती, कडक, चकचकीत. तिने मान वर केली. सतराव्या चौकोनातली रोपं, साऱ्या माळात सगळ्यात दाट, ज्यांच्यापुढे दर वर्षी ती ‘कुंपणाचा परिणाम’ असं ठसक्यात लिहीत आली होती, ती रोपं एका वाकड्या ओळीत उभी होती. लंगडत, मध्येच थांबत कुणी चालत गेल्यासारखी. फीत घेऊन ती या ओळीतून किती वेळा गेली होती, खाली वाकून, एकेका खोडाशी... आणि ओळ दिसली नव्हती.

“काय लिहितेस?” बाबांनी विचारलं. आवाज अगदी लहान.

तिने पेन्सिल रकान्यावर टेकवली. खोटं तर पाच वर्षं लिहीतच होते की मी, नकळत, सुवाच्य अक्षरात. आज खरं लिहायचं तर बाबांना घरी बसवायचं. पेन्सिलीचं टोक कागदात रुतत गेलं. माळ शांत होता, किती शांत, याच शांततेचा तिला केवढा अभिमान होता... आणि आता तिचे कान त्या ओळीच्या टोकाकडे लागले होते. घंटेतली ती चिंधी कुणीतरी काढावी, असं तिला फार वाटत होतं.