गठडीची किल्ली

"मंग देऊन टाक नं त्याले किल्ली," वच्छलाबाई झिंगे निवडता निवडता म्हणाली. "कोन आहे तो?"

"मार्टिन," रिंकू लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली.

"कोन्या गावचा?"

"माहीत नाई."

"बायको, लेकरं?"

"नाई विचारलं कधी."

वच्छलाबाईचा हात थांबला. "बाप्पा! दोन साल झाले बोलून राह्यली अन् गाव नाई विचारलं?"

"नेटवर असं नसते विचारत, माय. कामाचं बोलते सारे."

सिंदेवाहीत मासळी विकणाऱ्या वच्छलाबाईची ही पोरगी दिवसभर संगणक क्लासमध्ये शिकवायची आणि उरल्या वेळात 'गठडी' सांभाळायची. गठडी म्हणजे मोठ्या फायली दाबून बारीक करणारा एक लहानसा प्रोग्राम. चंद्रपूरला कॉलेजात असताना नेटवर्क रडायचं, म्हणून तिनं तो लिहिला आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारणा सुचवावी. आता तो कुठल्या कुठल्या बँकांच्या आणि दवाखान्यांच्या यंत्रांत जाऊन बसला होता. तिचं नाव मात्र तिच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नव्हतं.

परदेशातून निरोप यायचे ते खेकसणारेच. अजून दुरुस्त का नाही झालं? झोपा काढता का? त्या गर्दीत मार्टिन एकटा गोड बोलायचा. त्याच्या दुरुस्त्या नेटक्या असत. रिंकूला डेंग्यू झाला तेव्हा सगळ्या जगातून 'बरी आहेस ना?' असं त्यानं एकट्यानं विचारलं. ती ते वाचून उशीत तोंड खुपसून रडली होती. हल्ली मात्र दुसरेच कुणी अनोळखी मागे लागले होते, की या बाईला झेपत नाही, मार्टिनकडे द्या. तीही थकली होती. किल्ली दिली की तो कुणाला न विचारता गठडीत हवं ते घालू शकणार होता, आणि ती सुटणार होती.

"हे पाय," वच्छलाबाई म्हणाली, "तलावात मासोळीचं बीज सोडाच्या आधी बारीक जाळीत ठेवतो का नाई आपन? तुहा पत्रूमामा माहा सख्खा भाऊ होय. त्यानं आनलेलं बीजबी ठेवतो. मांगूरचं एक पिल्लू आत गेलं का सारा तलाव खाते. पाहाचं अन् मंग सोडाचं. त्याच्यात कोनाचा अपमान नाई."

रिंकूला हसू आलं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. मार्टिनचं बीज तिनं जाळीत ठेवलं होतं का कधी? सुरुवातीला ठेवलं होतं. मग डेंग्यू झाला, आणि त्यानंतर त्याचं काम तपासणं तिला कृतघ्नपणाचं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर ती त्याची एकेक दुरुस्ती उघडून बसली. सगळ्या चोख! तिला स्वतःचीच लाज वाटली. राहता राहिली त्यानंच दिलेली एक मुद्दाम बिघडवलेली फाईल. गठडी फाटकी फाईल नीट ओळखते का, हे तपासायला असे नमुने ठेवावे लागतात. फाटकंच आहे म्हटल्यावर ते उघडून कोण बघतो? तिनंही बघितलं नव्हतं.

तिनं क्लासमधल्या जुन्या संगणकाची नेटची वायर उपटली आणि त्यावर ती फाईल एकेक थर करून सोडवली. आत एक आखीवरेखीव प्रोग्राम निघाला. गठडी जिथं जिथं बसली होती, त्या प्रत्येक यंत्राचं मागचं दार तो गुपचूप उघडणार होता. दार उघडायला फक्त गठडीतली एक ओळ बदलायची बाकी होती. ती बदलायलाच किल्ली हवी होती.

'काय लिहिलंय मेल्यानं!' हे तिच्या मनात आधी आलं. इतकं देखणं काम तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

मग तिनं ती फाईल गठडीतून उपटून टाकली आणि सगळ्यांना सावध करणारा निरोप लिहिला. संध्याकाळपर्यंत जगभरातून आभारांचा पाऊस पडला. ती मात्र त्यात एकच नाव शोधत होती. शेवटी तिनं मार्टिनला निरोप लिहिला. तू असं का केलंस, हे तिनं विचारलं नाही. एवढंच लिहिलं, 'तुझं गाव कोणतं?'

निरोप गेलाच नाही. त्या नावाचं खातं आता नव्हतं.

घरी वच्छलाबाईनं ताटात भात वाढला, त्यावर झिंग्यांचं कालवण ओतलं. लेकीचा चेहरा बघून तिनं एवढंच विचारलं.

"निंगालं का मांगूर?"

रिंकूनं मान हलवली. घास तोंडाशी नेऊन तिनं तो परत ताटात ठेवला.

"त्याच्या बाकीच्या दुरुस्त्या चांगल्या होत्या, माय. त्या ठेवल्या मी. त्याच्या नावानंच ठेवल्या."

"ठेव. चांगलं ते ठेवाचं." वच्छलाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "अन् गाव? गाव सांगतलं का त्यानं?"

"सांगतलं," रिंकू म्हणाली. "लय दूर आहे."

"तरीच असा वागला," वच्छलाबाई म्हणाली, आणि तिनं लेकीच्या ताटात आणखी थोडं कालवण वाढलं.