लाल बटण

"हात मागे घे. माउसला शिवायचं नाही आणि तोंडही उघडायचं नाही," बायकोने बजावलं.

त्याने खरोखरच हात पाठीमागे बांधले. लोकांच्या वेबसाइटना सर्व्हरवर जागा देण्याचा दोघांचा धंदा या एका खोलीतून चालायचा. गिऱ्हाइकांना आपली वेबसाइट आणि ईमेल सांभाळता यावं म्हणून लागणारं पडद्यावरचं पॅनल त्याने स्वतः लिहिलं होतं. पण गिऱ्हाइकं वाढली, फोन उचलून उचलून दोघं मेटाकुटीला आली, तेव्हा बायको म्हणाली, आता तयार पॅनल घेऊ. परीक्षक ठरली त्याची थोरली बहीण, फुलांचं दुकान चालवणारी आक्का. जिथे ती कुणाला न विचारता नवा ईमेल पत्ता उघडेल, ते पॅनल पक्कं. त्याने लेकरासारखं जपलेलं आपलं पॅनलही शर्यतीत उतरवलं होतं आणि सकाळपासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पहिल्या तयार पॅनलने आक्काला घामच फोडला. "अगं बाई, विमान उडवायचंय का मला?"

मग त्याचं पॅनल. आक्काने खटाखट सगळं भरलं, शेवटी लाल बटण दाबलं. पत्ता तयार! तो खुर्चीतून उडालाच. "बघ! मी म्हणत नव्हतो?"

"थांब जरा. आक्का, त्या बटणावर लिहिलंय काय?" बायकोने विचारलं.

"मी कुठे चष्मा लावलाय! हाच फोनवर सांगतो, शेवटी लाल दाब. मला मेलीला वाटायचं, लाल दाबलं की सगळं पुसलं जाणार. म्हणून दर वेळी याला विचारून घेते. आज हा समोरच आहे, मग भ्यायचं कशाला?"

'जतन करा'चं बटण त्यानेच हौसेने लाल रंगवलं होतं. त्यापायी किती फोन आले असतील, याचा विचार त्याने कधी केलाच नव्हता. त्याला स्वतःचंच हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

तिसऱ्या पॅनलवर आक्काचं बोट शेवटी अडलं. "लाल कुठे गेलं रे?"

त्याच्या जिभेवर उत्तर वळवळत होतं. त्याने दातांनी ओठ घट्ट धरला. आक्काने पिशवीतून चष्मा काढला, नाकावर चढवला, वाचलं आणि हिरवं बटण दाबलं.

"झालं की! माझं मी केलं!" ती टाळ्या पिटत उठली.

"हेच घ्यायचं!" तो तिच्याहून मोठ्याने ओरडला.

सगळी गिऱ्हाइकं नव्या पॅनलवर हलवून झाली, त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "जुनं बंद करू ना?"

"एक मिनिट."

त्याने आपलं पॅनल उघडलं. काय भरावं ते सुचेना. शेवटी आक्काचंच नाव टाकलं आणि लाल बटण दाबलं. 'जतन झालं,' पडद्यावर उमटलं.

"कर आता," तो म्हणाला आणि त्याने हात पाठीमागे घेतले.