राहायची खोली

घर ग्लॅमरस कशानं दिसतं, या प्रश्नाचा क्रांतीनं आजवर तीनदा मुळापासून विचार केला होता आणि तिन्ही वेळा भिंतीचं प्लॅस्टर निघालं होतं. पहिल्या विचारात तिच्या मंगळवार पेठेतल्या फ्लॅटच्या हॉलला सोनेरी वॉलपेपर लागला. दुसऱ्या विचारात छताला पीओपी झालं आणि त्याच्या कडेनं निळे दिवे आले. ते लावले की सासूबाई माळ ओढायचं थांबवून विचारायच्या, "ॲम्ब्युलन्स आली काय गं दारात?" तिसरा विचार मोबाइलवरच्या एका गोऱ्यागोमट्या बाईंनी दिला. चकाकी आता जुनी झाली, खरं ग्लॅमर म्हणजे क्रीम रंग, मोकळी जागा आणि नजरेत भरेल अशी एकच वस्तू. क्रांतीनं त्याच आठवड्यात वॉलपेपर खरवडून काढला. विचार बदलायचा, खोली नाही. हॉल सोडून घरात आणखी कुठं ग्लॅमर असू शकतं, ही शंका तिला कधी शिवली नव्हती.

एवढी जाणकार बहीण असताना सम्राटचं लग्न अडून राहावं, हे तिला मुळीच पटत नव्हतं. सम्राट जोतिबाच्या पायथ्याकडच्या गावात आईवडिलांजवळ राहायचा. ऊस होता, चार म्हशी होत्या, गडी चौतिशीचा आणि सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नसलेला. पण हल्ली मुलगा पुण्यात आणि शेती गावात असावी लागते. सम्राट आणि शेती दोघंही एकाच गावात, म्हणून स्थळं येत आणि चहा पिऊन जात. शेवटचं स्थळ गेलं तेव्हा मध्यस्थ केरबानं फोनवर एवढंच सांगितलं, "घर पसंत न्हाय म्हणालं."

क्रांतीच्या वडिलांना, गणपतरावांना, हे वाक्य कानफटात मारल्यासारखं लागलं. स्लॅबचं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. घरातलं नेमकं काय पसंत नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. क्रांतीला विचारायची गरजच नव्हती. त्या घराच्या हॉलमध्ये सरकी पेंडीची पोती, औषध फवारायचा पंप, मोटारीचं जळकं स्टार्टर आणि कधीतरी कुणीतरी दुरुस्त करणार असलेला कूलर अशी मंडळी कायमची मुक्कामाला होती. घर म्हणजे हॉल, हॉल वाईट म्हणून घर वाईट. इतकं सोपं गणित आईबापाला सुटत नाही म्हणजे कमाल झाली!

आता पेठ वडगावच्या विजयसिंहांची मुलगी अनुजा रविवारी वडिलांबरोबर घर बघायला येणार होती. मुलगी एका कंपनीचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर करायची. तिला शेतकरी नवरा चालणार होता, ही बातमी केरबानं इतक्या हळू आवाजात सांगितली होती की जणू सरकारी गुपितच. क्रांतीची आई धोंडुबाई जोतिबाला नवस बोलून मोकळी झाली. सम्राटनं मात्र जेवताना ताटावरून मान वर न करता सांगून टाकलं, "ह्यो शेवटचा कार्यक्रम. हे जमलं न्हाय तर ह्याच्यापुढं मी कुणासमोर दावायला बसणार न्हाय."

धोंडुबाई त्या रात्री जेवली नाही. म्हणून क्रांती शनिवारी सकाळीच माहेरी दाखल झाली.

"आधी हे सगळं हलवा," पदर खोचून ती म्हणाली.

"कुठं हलवू?" गणपतरावांनी विचारलं.

"सम्राटच्या खोलीत."

"आक्का, ती माझी खोली हाय," सम्राट म्हणाला.

"आणि हे कुणासाठी चाललंय रे? माझ्या लग्नासाठी चाललंय व्हय?"

सम्राटनंच पहिलं पोतं पाठीवर घेतलं. त्याच्या पूर्वेच्या खोलीत पोती गेली, पंप गेला, कूलर गेला, ड्रम गेले, गाद्या गेल्या. सम्राटची खाट उभी करून भिंतीला टेकवली तेव्हा कुठं शेवटची टोपली आत मावली. दार बाहेरून रेटून लावावं लागलं. क्रांतीनं त्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मोकळी जागा तयार झाली होती. आता नजरेत भरणारी वस्तू तेवढी बाकी होती.

ती मांडववाल्याच्या टेम्पोतून आली. क्रांतीनं त्याला मोबाइलवर चित्र दाखवून सांगितलं होतं, साधा, क्रीम रंगाचा, बुटका सोफा पाहिजे. मांडववाल्यानं चित्र नीट बघितलं होतं, मान डोलावली होती आणि लग्नात नवरा-नवरीला बसवायचं सिंहासन आणलं होतं. पाठ माणसाएवढी उंच, दोन्ही हातांवर आ वासलेले सोनेरी सिंह.

"ह्यो क्रीम हाय?" क्रांती किंचाळली.

"गादी क्रीमच हाय की, ताई. आणि उद्या सांजच्याला परत न्ह्यायला लागंल, रात्री हळद हाय एका ठिकाणी."

गणपतरावांना मात्र सिंह फार आवडले. "अशी वस्तू पाहिजे घरात," ते म्हणाले आणि लगेच बसूनही बघितलं. क्रांतीनं तिसऱ्या विचाराला जागून दोन्ही सिंहांवर आईच्या फिकट शाली पांघरल्या. त्यामुळं ते भर उन्हाळ्यात थंडीतापानं आजारी पडल्यासारखे दिसायला लागले. पण चकाकी झाकली गेली, हे महत्त्वाचं.

रविवारी पाहुणे आले. विजयसिंह मोठ्या अंगाचे, बोलायला रोखठोक गृहस्थ. अनुजा साध्या ड्रेसमध्ये, हातात मोबाइल आणि नजर सगळीकडं. केरबा पोह्यांच्या वासाकडं तोंड करून बसला.

"बसा की पावणं, बसा!" गणपतराव वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. हा त्यांचा खासगीतला आवाज.

विजयसिंह सिंहासनावर बसले आणि निम्मे आत गेले. "झ्याक केलंय की घर," आतूनच ते म्हणाले.

"आम्हाला भपका आवडत न्हाय," क्रांती लगोलग म्हणाली. "जागा मोकळी पाहिजे. मोकळ्या जागेतच खरं ग्लॅमर असतंय." एक शाल घसरून सिंहाचा जबडा उघडा पडला होता. तिनं तो बोलता बोलता झाकला.

पोहे झाले, चहा झाला, ऊस यंदा टनाला किती पडला ते झालं. सम्राट कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होता आणि अनुजा एवढ्या वेळात एक शब्द बोलली नव्हती. क्रांतीला वाटलं, पोरगी हॉल बघून दिपली. मग अनुजानं कप खाली ठेवला.

"घर बघू या का?"

"हेच की घर," क्रांती हसून म्हणाली.

"हा हॉल झाला. मी हॉलमध्ये थोडीच राहणार हाय? मला राहायची खोली दाखवा."

मग घरातल्या तिघांनी एकदम तोंड उघडलं.

"आत देव हायत," गणपतराव म्हणाले.

"रंग दिलाय, वला हाय," धोंडुबाई म्हणाली.

"किल्ली सापडंना झालीय," क्रांती म्हणाली.

अनुजानं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. "म्हणजे देवांना रंग दिला, कुलूप घातलं आणि किल्ली हरवली?"

केरबाला पोह्याचा ठसका लागला. विजयसिंहांचा चेहरा मात्र बदलला. दोन सिंहांचा आधार घेऊन ते कसेबसे बाहेर आले आणि कुलपाकडं बोट करून त्यांनी विचारलं, "गणपतराव, आत कोण हाय?"

"कोण म्हंजे?"

"माणूस कोंडल्यागत कुलूप घातलंय म्हणून विचारतो. आधीचं लगीनबिगीन, काय भानगड असंल तर आत्ताच सांगा. पोरीचा प्रश्न हाय." आणि उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "चल, अनुजा."

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. शेवटचा कार्यक्रम, आणि तो तिच्या कमरेच्या किल्लीपायी मोडत होता! तेवढ्यात सम्राट खुर्चीवरून उठला आणि तिच्यापुढं हात पसरला.

"आक्का, किल्ली."

तिनं दिली. हरवलेली किल्ली सर्वांदेखत कमरेतून निघाली.

सम्राटनं कुलूप काढलं आणि आत शिरायच्या ऐवजी तो बाजूला सरकला, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. आधी टोपली आली. मग निळा ड्रम आला आणि गडगडत थेट विजयसिंहांच्या पायापाशी जाऊन थांबला. मागोमाग पेंडीचं एक पोतं सावकाश कलंडलं आणि उंबऱ्यावर आडवं झालं.

"ही माझी खोली," सम्राट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हॉलमधलं सगळं ह्यात कोंबलंय. तो सोफा मांडवाचा हाय, सांजच्याला जाणार. आत दुसरं कोण न्हाय."

गणपतरावांनी डोळे मिटून घेतले. अनुजा मात्र पोत्यावर चढली, कूलरला वळसा घालून खिडकीपर्यंत गेली आणि तिनं खिडकी उघडली. मोबाइल वर धरून रेंज बघितली. मग वळून दाराकडं बघत म्हणाली, "आतनं कडी हाय का?"

"हाय," सम्राट म्हणाला. "पण आत्ता दार लागणार न्हाय."

"मग लागंल असं करा."

त्यानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या आणि पोती ओढायला सुरुवात केली. ती ठेवायला जागा एकच होती. पहिलं पोतं त्यानं सिंहासनाच्या क्रीम गादीवर टाकलं तेव्हा क्रांतीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. अनुजानं आतून टोपल्या आणि उशा पुढं केल्या. थोड्या वेळात दार फिरण्यापुरती जागा झाली. तिनं ते लावून घेतलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

सगळेजण बंद दाराकडं बघत उभे राहिले.

"आता बोला काहीतरी," आतून आवाज आला.

विजयसिंहांनी खाकरून विचारलं, "ऐकू येतंय काय गं?"

"सगळं ऐकू येतंय. जरा हळू बोलायला लागंल."

"हळू?" गणपतरावांनी विचारलं. हा शब्द त्यांनी कुठंतरी ऐकला होता.

अनुजा बाहेर आली तेव्हा तिच्या केसाला जळमट लागलं होतं. ती सरळ सम्राटशी बोलली. "माझं काम दुपारनं सुरू होतं ते रात्रीपर्यंत चालतं. कंपनीतली माणसं फोनवर असतात. मी दार लावलं की कुणी वाजवायचं न्हाय. चालंल?"

"चालंल."

"चहा करायलासुद्धा?"

"चहा येतोय मला," सम्राट म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं पुस्ती जोडली, "धारबी मीच काढतोय."

अनुजा हसली. विजयसिंहांनी ड्रम पायानं बाजूला सारला आणि निघता निघता गणपतरावांना सांगितलं, "पोरगं सरळ हाय. खोली मोकळी झाली की कळवा, मी पुन्हा येऊन बघणार. मग पुढचं बोलू." केरबानं पोह्यांची दुसरी बशी संपवली आणि तो हे आपल्यामुळंच जमत आलं अशा चेहऱ्यानं गाडीत बसला.

संध्याकाळी मांडववाला आला. पोती पूर्वेच्या खोलीच्या दाराबाहेर उतरवून त्यानं गादी झटकली आणि सिंह घेऊन गेला. हॉल ओकाबोका झाला. रीलवाल्या बाईंना हवी होती तशी अगदी मोकळी जागा.

क्रांती शालींच्या घड्या करायला म्हणून पूर्वेच्या खोलीत गेली. कशासाठी कोण जाणे, तिनं दार लावलं आणि कडीही घातली. मग आत उरलेल्या गाद्यांच्या ढिगावर बसली. इथं कुणाला काही दिसत नव्हतं, म्हणून चेहरा कसा ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. तिला अनुजाचा हेवा वाटला. तिच्या स्वतःच्या लग्नाआधीही सगळे मंगळवार पेठेतलं घर बघायला गेले होते. हॉलमधलं शोकेस बघून आई हरखली होती, आबांनी टीव्हीचा आकार विचारला होता आणि तिनं स्वतः पडद्यांचं कौतुक केलं होतं. मी राहणार कुठं, असं विचारता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आतली खोली सासूबाईंची आणि पोरांची. हॉलमधला टीव्ही बंद होईल तेव्हा तिथं तिची गादी पडायची, आणि साडी नेसायला लग्नापासून न्हाणीघर. तीनदा ज्या भिंती सजवल्या, त्यांच्या आत एक कडी आपल्या मालकीची नाही, हे तिला आज कळलं आणि तिला स्वतःचाच सणसणीत राग आला.

दारावर थाप पडली. "क्रांते, उघड. पोती आत घ्यायची हायत."

"न्हाय."

"न्हाय म्हंजे? पावणं गेलं की आता! पुन्हा येतील तवा काढू, हाय काय त्यात."

"आबा, ही खोली आता भरायची न्हाय."

"मग ठेवू कुठं? डोक्यावर?"

"हॉलमध्ये ठेवा."

"आगं, येणारीजाणारी माणसं काय म्हणतील?"

"म्हणू द्यात." तिनं उठून कडीवर हात घट्ट धरला. "खोली भरलेली बघून त्यांनी लगीन मोडलं तर एकवेळ परवडलं, आबा. न्हाय मोडलं, तर ती पोरगी माझ्यासारखी नांदंल."

मग गणपतरावांनी दाराशी ठेवलेलं पोतं उचललं आणि हॉलमध्ये नेऊन ठेवलं.