खालच्या कुरणातली गाडी

लायल प्रॉसरने ती गाडी हातांनी घडवली होती. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, लाकडी हातोड्याने ठोकायचा, उजेडात धरून न्याहाळायचा आणि पुन्हा ठोकायचा. उमेदीची सारी वर्षे त्याने अशी एका बोनेटच्या उतारात खर्ची घातली. थॉर्नबी कारखान्याने शर्यतीसाठी अशा तीनच गाड्या केल्या होत्या. त्यांतली एक उरली, ती पेल्हॅम साहेबांकडे. आपली गाडी चौथी, असे लायल मनात म्हणे; चारचौघांत म्हणण्याचा धीर त्याला कधी झाला नाही.

हेरफर्डशरमधल्या ब्रॅकन टेकडीवर दर जूनमध्ये जुन्या गाड्या एकेक करून घड्याळाशी झुंजत वर चढत. आपल्या गाडीने एकदा तो चढ चढावा, एवढेच त्याचे मागणे होते. पण ही चढाई भरवणाऱ्या क्लबचा नियम जुना होता. अस्सल गाड्या वर, सफरचंदाच्या बागेत. प्रतिकृती खाली, मेंढ्यांच्या कुरणालगत, नाकावर ‘प्रतिकृती’ अशी पाटी टांगून. टेकडी त्यांना बंद.

“मेंढ्यांना आधीच सांगून ठेव रे,” त्याची बहीण हेस्टर चहाचा थर्मास उघडत म्हणाली, “नाहीतर फसायच्या बिचाऱ्या.”

आभाळ सकाळपासून राखेच्या रंगाचे होते. त्या करड्या उजेडात पेल्हॅम साहेब एकटेच खाली आले आणि बराच वेळ गाडीभोवती फिरत राहिले.

“विमेवाले म्हणतात, माझी गाडी आता इतकी मोलाची झालीय की चालवायची नाही, नुसती बघायची,” ते म्हणाले. “आणि मी तर क्लबला शब्द देऊन बसलोय.”

“मग, साहेब?”

“तुझी जाऊ दे वर, माझा नंबर लावून. माझी इथं उभी राहील, तुझी पाटी लावून. बघणाऱ्यांना थॉर्नबी दिसल्याशी कारण.”

“चालवणार कोण?” लायलने इतक्या हळू विचारले की साहेबांना वाकून ऐकावे लागले.

“तूच. हेल्मेट आणि चष्मा चढवल्यावर तुझी आईसुद्धा ओळखायची नाही. फक्त कुठं बोलायचं नाही, काय?”

लायलने मान हलवली. ज्याच्यासाठी इतकी वर्षे झुरलो ते असे पाठीमागच्या दाराने यावे, याचे त्याला वाईट वाटले. पण दार उघडे होते. साहेबांनी आपली गाडी ट्रकमधून खाली आणली, आणि दोघांनी ट्रकांच्या आडोशाला नंबर बदलले, पाटी बदलली.

सुरुवातीच्या रेषेवर इंजिन गुरगुरत असताना भोंग्यातून क्लबचे सचिव मेजर डेन्बी यांचा आवाज आला. “ऐका, मंडळी. या आवाजाची नक्कल होत नाही.”

मग झेंडा पडला. पहिल्या वळणावर गवताच्या गंज्या, दुसऱ्यावर उंच बीच वृक्षांची ओली सावली, आणि पुढे तो उभा चढ, जिथे रस्ता संपून आभाळच सुरू झाल्यासारखे वाटते. हातांनी ठोकलेला पत्रा न् पत्रा त्याला गुडघ्यांशी थरथरताना जाणवत होता. माथ्यावर दोरीपलीकडच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. ती नेमकी कुणासाठी निघाली, हे लायलला उतरताना सारा वेळ उमगले नाही.

कुरणात परतून त्याने गाडी पुन्हा जागेवर लावली, तेव्हा पेल्हॅम साहेब घडीच्या खुर्चीवर सँडविच हातात धरून बसले होते. हेस्टरला मात्र दम निघत नव्हता.

“मेजर आला होता सकाळी. या साहेबांच्या गाडीला पाच मिनिटं बघितलंन, आणि मला म्हणतो, ‘मेहनत आहे, नाकारत नाही. पण बोनेट डावीकडं जरा खाली बसलंय. भावाला म्हणावं, वर जाऊन अस्सल गाडी बघून ये, हात सुधारेल.’ आता तू जा आणि भोंग्यावरून सांग सगळ्यांना. नाहीतर मी जाते.”

“शब्द दिलाय, हेस्टर.”

“शब्द. आणि टाळ्या कुणाला?”

पेल्हॅम साहेब खाकरले. “लायल, ते बोनेटचं… खरंच बसलंय का रे?”

“बसलंय, साहेब. करणारा घाईत असणार. मला तेवढंच साधलं नाही. दर वेळी हात आपला सरळच जायचा.”

साहेबांनी आपल्या गाडीकडे असे पाहिले, जणू नात्यातल्या माणसाबद्दल कुणी बाहेरच्याने वावगे बोलावे. मग नंबर पुन्हा बदलून घेऊन, ती ट्रकमध्ये चढवून ते बागेकडे गेले. लायलने पाटी उचलली. तिचा एक कोपरा मेंढीने चाटून ओला केला होता. तो पुसून त्याने ती आपल्या गाडीच्या नाकावर टांगली.

तेवढ्यात मेजर डेन्बी पुन्हा आले. माथ्यापर्यंतच्या त्या चढाईने त्यांचे डोळे अजून पाणावलेले होते.

“पाहिलीस ना? तिला म्हणतात गाडी. तुझी चांगली आहे, पोरा. आता या बाजूनं तर सकाळपेक्षा बरी दिसतेय. पण जीव वेगळा असतो,” असे म्हणत त्यांनी मायेने बोनेटवर तळवा टेकवला, आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

दिवसभर उभ्या असलेल्या गाडीकडे ते पाहत राहिले. मग लायलकडे. लायलने नजर गवतात रोवली. हेस्टर थर्मासचे झाकण फिरवायची थांबली.

“ऊन फार तापलंय आज,” मेजर अखेर म्हणाले. तळवा कोटाला पुसत, राखाडी आभाळाखालून ते सावकाश वर निघून गेले.