उजव्या कानामागची गोळी

"साहेब, काम कुणाचं हे ठाऊक असूनही तुम्ही हर्षदचं नाव पुढे केलंत!" उरणच्या कल्पिताने हॉस्पिटलच्या भर बैठकीत विभागप्रमुख साहेबांना सुनावलं.

रेवदंड्याच्या मनुबाईंच्या फिट्स मेंदूत नेमक्या कुठून उठतात, ते शोधायचं होतं. डोक्यावरच्या चौसष्ट इलेक्ट्रोडच्या जागा कल्पिताने मोजल्या, पापण्यांच्या उघडझापीने ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, शिरलेला कचरा वेचून काढला, इलेक्ट्रोडच्या जागा एमआरआयवरच्या नाक-कानांच्या खुणांशी जुळवल्या. हर्षदने शेवटचं रंगीत चित्र तेवढं काढलं, आणि पडद्यावर नाव एकट्या त्याचं.

"पोटात दुखतंय काय गं?" हर्षद हसला.

"दुखतंय! पण तुझं चित्र डावं-उजवं उलटं हाय. बाजू ओळखायला एमआरआयआधी मी मनुबाईंच्या उजव्या कानामागे माशाच्या तेलाची गोळी चिकटवलेली, ती एमआरआयत पांढरीफेक उठून दिसते. तुझ्या चित्रात ती डाव्या कानामागे गेली कशी?"

हर्षदचं हसू मावळलं. ही चूक कल्पिताने कालच पाहिली होती. चारचौघांत त्याची जिरवायची म्हणून ती मुद्दाम गप्प बसली होती, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

साहेब चष्मा पुसू लागले.

"चष्मा राहू द्या, साहेब. दुपारी हा रिपोर्ट सर्जनकडे जाणार. बाईंचं डोकं कुठल्या बाजूने उघडायचं, हे सांगणारी सही कुणाची घेणार? त्याची की माझी? बोला!"