हुमणाचा डाग

गोवा घटक राज्य झालं, राजभाषाही ठरली, पण डिचोलीतल्या त्या मनोरुग्ण केंद्रात रुग्णाला दाखवून 'काय दिसतंय' विचारायची शाईच्या डागांची नवी कार्डं काही आली नाहीत. दहातलं सातवं हरवलेलं. एका दुपारी डॉक्टर गुरुदासांच्या हातून कागदावर डब्यातलं हुमण, म्हणजे बांगड्याचं कालवण, सांडलं. त्यांनी कागद दुमडला, उलगडला आणि स्वतःच्या बुद्धीवर खूष होऊन तोच सातवा डाग म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवला.

पेडण्याहून दोन बसेस बदलून येणारी सुमंगला ते कार्ड नाकाला पदर लावूनच उचले. मधोमध एक काटाही होता. सहा महिने ती उमेदवार होती. आज एक रुग्ण तपासायचा. अहवाल डॉक्टरांना पटला तर सहाय्यक मानसशास्त्रज्ञ म्हणून कायम, नाहीतर भावाच्या दुकानात साबण विकणं.

डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे सातव्यात फुलपाखरू दिसलं म्हणजे माणूस बरा. आजवर एकालाही दिसलं नव्हतं. सगळे हुमण म्हणत, आणि डॉक्टर लिहीत, 'वास्तवाशी संबंध तुटला.' सव्वीस माणसं त्या बांगड्यापायी गोळ्या गिळत होती.

समोर दोडामार्गचा सखाराम बसला. खनिजाचा ट्रक चालवताना त्याला रडू यायचं. आता थांबलं होतं, पण बरा झाल्याच्या दाखल्याशिवाय मालक गाडी देईना.

"काय दिसतंय?"

त्याने कार्ड नाकाशी नेलं. "बांगड्याचां हुमण. शिळां. तिरफळां कमी पडली."

"पंख आहेत बघा."

"बाय, बांगड्याक पंख? ह्यो काटो!"

"एकदा फुलपाखरू म्हणा हो."

"डॉक्टरांकडे येवन खोटां बोलू?"

सुमंगलाने पेन उचललं. स्वतःचीच किळस गिळत स्वच्छ अक्षरांत लिहिलं: फुलपाखरू.

"फुलपाखरू!" डॉक्टर आत येऊन मोठ्याने वाचू लागले. डोळे पाणावले. "सव्वीस जणांनंतर पहिला शहाणा!" सखाराम तोंड उघडणार, तोच दाखल्यावर शिक्का बसला. मग सुमंगलाच्या नियुक्तिपत्रावर सही, आणि अभिनंदनाचा हात. दुपारच्या हुमणाचं पिवळं अजून डॉक्टरांच्या नखांत होतं.

बाहेर सखाराम थांबला होता.

"बाय, मी तसां बोललंय नाय. तुमका खराच फुलपाखरू दिसलां?"

नाही म्हटलं असतं, तर हा प्रामाणिक माणूस दाखला परत करायला आत गेला असता.

"हो," ती म्हणाली.

सखारामचा आवाज एकदम मऊ झाला.

"घरात कोण असा तुमच्या?"

"आई. भाऊ."

"त्यांका सांगा, एकटी सोडू नकात म्हणान. भिया नको हां. आयतवारी आमच्या देवाक कौल लावतंय तुमच्यासाठी."

नियुक्तिपत्र छातीशी धरून सहाय्यक मानसशास्त्रज्ञ सुमंगलाने मान डोलावली.